दीड वीत आत

बोरसे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववी 'ब'च्या वह्या तपासत होते. फोन त्यांच्या मुलाचा होता, धुळ्याहून. "मॅडम, नाना गेले. आज सकाळी." मी "बरं" म्हणाले. हे काही बरोबर बोलले नाही असं वाटून मग "कधी?" असं विचारलं. ते त्याने आधीच सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर उरलेल्या अकरा वह्या मी तपासल्या, आणि एकही चूक नजरेतून सुटली नाही. दोन-तीन दिवस रडू येईल म्हणून वाट पाहिली. ते आलं नाही. माणूस गेल्याचं वाईट वाटायलासुद्धा आत थोडी ओल लागते. सरांच्या बाबतीतली माझी ओल तीन वर्षांपूर्वीच आटली होती, ती का, ते पुढे येईलच.

जळगावच्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि मी गणिताची. माणूस उंच, वाळका, आणि पॅन्टचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत कायम पांढरा. मैदानावर रेघांची फक्की मारताना ती पायावर उडायची आणि ती झटकायची असते हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते जिन्याने वर आले की पायऱ्यांवर एकाच पायाचे पांढरे ठसे उमटत, त्यामुळे सर आज स्टाफरूममध्ये आहेत की मुख्याध्यापकांकडे, हे शिपायाला न विचारता कळायचं. डबा उभ्यानेच खायचे. कळण्याची भाकरी, वर ठेचा, आणि डोळे खिडकीबाहेर मैदानावर. "बसा की सर," म्हटलं तर म्हणायचे, "बसलं की दिसत नाही."

मुलगा असो, मुलगी असो, त्यांच्यासाठी सगळे 'भो', म्हणजे भाऊ. "काय भो, दम लागला का?" असं ते सातवीतल्या दोन वेण्यांच्या पोरीला विचारायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. चिडले की मात्र मराठी सुटायची आणि धुळे जिल्ह्यातलं, साक्रीकडचं त्यांचं गाव तोंडात यायचं. "डोया शेतस का बटाटा शेतस?" डोळे आहेत की बटाटे, हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून पोरं मुद्दाम चेंडू सोडत, असा मला संशय आहे.

पण सरांचं खरं प्रेम रेघेवर होतं. सामना नऊला असला तर ते सहाला मैदानावर. दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, आणि हातात तळाला भोकं पाडलेला दूधपावडरचा डबा. सुतळीच्या कडेकडेने ते उलटे चालत जात. मागे न पाहता. मी एकदा विचारलं, "सर, उलटं का?" ते म्हणाले, "मारलेली रेघ नजरेसमोर पाहिजे, मॅडम. न मारलेलीचं काय बघायचं?" गणिताच्या माणसाला हे पटायला हरकत नव्हती. त्यांच्या रेघेवर मी स्वतः पट्टी धरून पाहिली असती तरी ती सरळच निघाली असती. जिल्ह्यात कुठेही सामने असले, पाचोरा असो, चोपडा असो, तिथले लोक आदल्या दिवशी सरांना फोन करत. पंच म्हणून कोणीही चालेल, पण मैदान बोरसे सरांनी आखावं, असा रिवाजच पडला होता.

एकदा प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीला आलेल्या पाहुण्यांची गाडी ड्रायव्हरने नेमकी रेघेवर आणून उभी केली. सर पुढे जाऊन उभे राहिले. "गाडी मागे घ्या."

"पाहुण्यांची आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"असू द्या. रेघ पुसली जातेय."

मुख्याध्यापक चौधरी सर घाम पुसत धावत आले. पण पाहुणे स्वतःच खाली उतरले, गाडी मागे घ्यायला लावली आणि रेघेवर पाय पडणार नाही अशा बेताने चालत मंडपात गेले. सरांनी खिशातून मूठभर फक्की काढून पुसलेला तुकडा हाताने भरला. खिशात फक्की ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"रेघ म्हणजे रेघ" हे त्यांचं पालुपद. स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावरून दोन सहकाऱ्यांचं वाजलं, तेव्हा सरांनी खडूने टेबलावर मधोमध रेघ मारली आणि निघून गेले. ती रेघ पुढे वर्षभर होती. मंडळी जेवणाचा डबासुद्धा आपापल्या हद्दीत ठेवत. तालुक्याच्या स्पर्धेत त्यांचा स्वतःचा मुलगा प्रशांत चारशे मीटरमध्ये पहिला आला, तेव्हा वळणावर त्याचा पाय आतल्या रेघेवर पडल्याचं एकट्या सरांना दिसलं. त्यांनी झेंडी वर केली आणि मुलगा बाद झाला. नंतर पंधरा दिवस पोरगा बापाशी बोलला नाही. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. मी घरी गेले तेव्हा चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "या माणूसले घरमा बी शिट्टी लागस, मॅडम." सर शेजारी उभे राहून हसत होते. आपल्याला नावं ठेवली जात आहेत की आपलं कौतुक चाललंय, हा फरक त्यांना बहुधा कळत नसावा.

सामन्याची नोंद लिहायला त्यांनी मला कसं धरलं तेही सांगते. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले, "आणि तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही. नोंद लिहायला असंच माणूस पाहिजे. ज्याला कळतं तो स्वतःचं घुसडतो." तेव्हापासून प्रत्येक सामन्यात मी मैदानाच्या कडेला एका टेबलाशी, छत्री लावून. पंच सांगतील ते लिहायचं.

आता वैशालीबद्दल. वैशाली साळुंखे चोपड्याकडच्या एका खेड्यातली, जळगावात मामाकडे राहून शिकायची. गणितात बेताची होती. पण पायात चेंडू आला की ती वेगळीच कोणी व्हायची, इतकं मलाही कळायचं. तिला पोलीस व्हायचं होतं. राज्यावर पदक मिळालं तर भरतीत खेळाडूंच्या जागांवर नाव लावता येतं, हे सरांनीच तिच्या डोक्यात भरवलं होतं. ते मामाच्या घरी जाऊनही सांगून आले होते. मामा म्हणाला होता, "सर, बारावीपर्यंत ठेवतो. पुढचं तिचं तिने बघावं." ती तेव्हा बारावीतच होती, म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच वर्षी. आणि संघही त्या वर्षी असा जमला होता की राज्यावर पोचला तर रिकाम्या हाताने परतणार नाही, असं सगळेच म्हणत.

राज्यावर जायला एकच सामना जिंकायचा राहिला होता. आमच्या मैदानावर, धुळ्याच्या एका शाळेशी.

कडेच्या रेघेवर झेंडी घेऊन उभे राहणारे दोन पंच असतात. त्यातले एक पाचोऱ्याहून यायचे होते, त्यांची गाडी चुकली. नऊ वाजून गेले. मुख्य पंच भुसावळचे एक वयस्क गृहस्थ होते. ते दोन्ही शाळांच्या लोकांना म्हणाले, "बोरसे सर उभे राहिले तर चालेल?" स्वतःच्या शाळेच्या सामन्यात मास्तर पंच, हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत कोणी मान्य केलं नसतं. धुळ्याचे लोक लगेच हो म्हणाले. त्यांच्या मते सर मुळात धुळ्याचेच. आमचे लोक कुरकुरले, तेही त्याच कारणाने. सरांनी झेंडी घेतली आणि ते माझ्या टेबलाच्या बाजूच्या रेघेवर जाऊन उभे राहिले.

सामना संपायला पाच मिनिटं असताना आम्ही एका गोलने मागे होतो. मग आमच्या पोरींनी गोल केला आणि बरोबरी झाली. गोल खाल्लेल्या संघाने मैदानाच्या मध्यावरून पुन्हा खेळ सुरू करायचा असतो, म्हणून धुळ्याच्या मुलींनी चेंडू मारला. त्यांच्या दुसऱ्याच मुलीकडून वैशालीने तो काढून घेतला आणि कडेच्या रेघेने त्यांच्या गोलकडे धावत सुटली. ती माझ्या टेबलासमोरून गेली तेव्हा तिचा श्वास मला ऐकू आला. पुढे दोघी आडव्या आल्या. त्यांना चुकवायला तिने चेंडू बाहेरच्या अंगाने काढला, परत आत घेतला आणि गोलमध्ये मारला. सगळं मैदान ओरडलं. मी पेन उचललं.

सरांची झेंडी वर होती.

चेंडू आत घ्यायच्या आधी रेघेबाहेर गेला होता, असं त्यांचं म्हणणं. मुख्य पंच धावत आले, विचारलं आणि मान्य केलं. गोल नाही. आमच्या पालकांनी सरांना गराडा घातला. कोणी त्यांची कॉलर धरली, कोणी "धुळ्याचं रक्त शेवटी धुळ्याचंच" असं म्हणालं. सर हलले नाहीत. "माले दिखनं ते मी सांगं," एवढंच दोनदा म्हणाले. वैशाली कमरेवर हात ठेवून रेघेकडे बघत होती. सामना पेनल्टीवर गेला आणि आम्ही हरलो. वैशालीची पेनल्टी गोलमध्ये गेली होती. दुसऱ्या दोघींच्या चुकल्या.

निकालावर हरकत घ्यायला अर्धा तास असतो. अर्ज माझ्याच टेबलावर होते. चौधरी सर तावातावाने आले, "लिहा मॅडम, हरकत लिहा." मी बोरसे सरांकडे पाहिलं. ते टेबलापासून दहा पावलांवर उभे होते आणि रेघेवरच्या एका जागेकडे बघत होते. "सर, काय लिहू?" मी विचारलं. ते लगेच बोलले नाहीत. मी पेन धरून थांबले होते, इतकं नक्की आठवतं. मग ते म्हणाले, "चेंडू बाहेर होता." चौधरी सरांनी अर्ज माझ्या हातातून घेऊन फाडला आणि निघून गेले.

दोनच दिवसांत एका पालकाने मोबाइलवर घेतलेलं चित्रण सगळीकडे फिरलं. त्यात चेंडू आणि रेघ यांच्यात चार बोटं फट स्वच्छ दिसत होती. मग काय, वारं फिरलं. ज्याने कॉलर धरली होती तो घरी जाऊन पाया पडून आला. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी चौधरी सरांनी भाषण केलं. स्वतःच्या शाळेचा गोल नाकारणारा माणूस कसा असतो ते बघा, म्हणाले. शाल दिली, नारळ दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली दुसऱ्या रांगेत होती, तिनेही वाजवल्या. सर नारळ धरून उभे होते, आणि नारळाचं काय करतात हे माहीत नसल्यासारखे दिसत होते.

मधल्या सुट्टीत ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले. वर्ग रिकामा होता. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना बसलेलं पाहिलं, पहिल्या बाकावर, गुडघे वर करून.

"मॅडम, रेघ वाकडी होती."

मला काही कळलं नाही.

आदल्या आठवड्यात मैदानावर एक कार्यक्रम झाला होता. मांडव काढल्यावर खांबांचे खड्डे राहिले. त्यातला एक नेमका कडेच्या रेघेवर. सरांनी तो मातीने भरला, पाणी मारलं, धुमस मारली, तरी सामन्याच्या सकाळी माती बसलेली दिसली. पोरी रेघेच्या कडेने धावतात, पाय त्यात गेला तर घोटा जाईल. म्हणून त्यांनी सुतळी सोडली आणि तेवढ्या तुकड्यापुरती रेघ आत घेतली. विळ्याच्या पोटासारखी. दीड वीत. सामन्याआधी पंचांना आणि दोन्ही संघांना सांगायचं, असं ठरवलं होतं. मग पाचोऱ्याची गाडी चुकली, झेंडी हातात आली, आणि ते राहून गेलं.

"चेंडू त्याच तुकड्यात बाहेर गेला," ते म्हणाले. "सरळ रेघ असती तर आत होता. चांगला आत."

मी गणित केलं. फट चार बोटं, रेघ दीड वीत आत. उत्तर यायला वेळ लागला नाही. "पण सर, मैदानावर आखलेलीच रेघ धरायची असते ना?"

"हो. नियमाने माझंच बरोबर आहे."

"मग तुम्ही त्या अर्ध्या तासात का नाही बोललात? रेघ चुकली म्हटलं असतं तर सामना पुन्हा झाला असता."

ते बाकावरचं कोरलेलं नाव बोटाने गिरवत होते. मग म्हणाले, "बोरशाची रेघ वाकडी, हे तोंडातून निघेना."

इतकंच. चिडावं असं मला वाटायला हवं होतं. सरांवर किंवा स्वतःवर, कारण त्या दिवशी पेन माझ्याच हातात होतं आणि ते बोलायचे थांबले होते हे मला दिसलं होतं. पण काहीच वाटलं नाही. घंटा झाली, मुलं आत आली, मी फळ्यावर वर्तुळ काढलं. त्या दिवसापासून सर माझ्यासमोर आले की आत काहीतरी बधिर व्हायचं, दात काढल्यावर गाल होतो तसं. बोलणं-चालणं पूर्वीसारखंच होतं. चहा पण घ्यायचो.

सरांनी त्यानंतर मैदान आखलं नाही. कंबर दुखते, म्हणायचे. पॅन्टचा पाय दुसऱ्यासारखाच स्वच्छ दिसू लागला. बारावी झाल्यावर वैशाली गावी गेली. एकदा भरतीला उभी राहिली होती, थोडक्यात हुकली, असं कोणाकडून तरी कळलं. पुढल्या वर्षी सर निवृत्त होऊन धुळ्याला गेले.

मग एके दिवशी ते माझ्या दारात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. त्यांनी खेळाच्या कार्यालयाला लेखी दिलं होतं. सामन्याच्या दिवशी कडेची रेघ मी स्वतः खड्डा चुकवण्यासाठी दीड वीत आत मारली होती, ते मी कोणास सांगितले नाही, त्या तुकड्यातील चेंडू बाहेर गेल्याची खूण मीच केली, सबब खेळाडू वैशाली साळुंखे हिचा गोल गेला, यास मी जबाबदार आहे. खाली सही. कार्यालयातल्या माणसाने विचारलं होतं, "सर, याचं आता काय करायचं?" सर म्हणाले होते, "आवक करा." त्याने गोल शिक्का मारून एक प्रत परत दिली. तो शिक्का नीट उमटला होता आणि सरांना त्याचं समाधान वाटत होतं, हे त्यांच्या कागद धरण्यावरून कळत होतं.

"वैशालीला द्यायचा आहे," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर चला, मॅडम. एकट्याने जायला पाय उचलत नाही."

आम्ही एसटीने चोपड्याला गेलो, तिथून रिक्षाने पुढे. गावाबाहेर केळी धुऊन खोक्यात भरायची शेड होती, वैशाली तिथे कामाला होती. आम्हाला पाहून ती बाहेर आली, ओढणीला हात पुसले, आमच्या पाया पडली. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. सकाळी धावायला जाते, म्हणाली. या वर्षी भरती निघाली तर परत उभी राहणार आहे.

सरांनी सगळं सांगितलं. खड्डा, सुतळी, पाचोऱ्याची गाडी, अर्धा तास. साक्रीच्या बोलीत सांगितलं, एकदाही न थांबता. तिने ऐकून घेतलं. मध्ये एकदा शेडमधून तिला कोणी हाक मारली, तेव्हा "वनू", म्हणजे आले, असं वळून म्हणाली आणि परत सरांकडे पाहिलं. सरांनी कागद पुढे केला. तिने तो दोनदा वाचला. शिक्क्यावर तिचं बोट थांबलं.

"सर, हाऊ कागद भरतीमा चाली का?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न येईल असं त्यांच्या ध्यानीमनी नसावं. माझ्याही नव्हतं.

"नही," सर म्हणाले.

तिने मान हलवली. रागाने नाही, दुकानात एखादी वस्तू नाही म्हटल्यावर हलवतात तशी. कागदाच्या घड्या जशा होत्या तशाच पुन्हा घातल्या, पिशवीत सरकवला आणि त्यांच्या हातात दिला.

"मंग तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या, सर."

चहा घेऊन जा म्हणाली. आम्ही नको म्हटलं. ती आत गेली.

चोपड्याच्या स्टँडवर धुळ्याची गाडी आधी लागली. सर चढले, खिडकीजवळ बसले. मी खाली उभी होते. त्यांची समजूत काढावी असं एकही वाक्य मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी बोलले असते असं वाटत नाही. शेजारच्या प्रवाशाने त्यांना काहीतरी विचारलं असावं, कारण ते त्याच्याकडे वळून काही बोलले. गाडी निघाली. पिशवी त्यांच्या हातातच होती, ती कुठे ठेवावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी हात केला नाही. मीही केला नाही.